पोर्टेबल हार्ड डिस्क लावली, पण कॉम्प्युटरवर दिसेना: कुठून सुरुवात करायची

डिस्क जोडली, छोटा दिवा लागला, पण ‘धिस पीसी’ उघडून बघावं तर नेहमीचे सी आणि डी सोडून काहीच नाही. अशा वेळी माणूस घाईघाईने दोन गोष्टी करतो. डिस्क तळहातावर आपटून बघतो, आणि स्क्रीनवर जी खिडकी उघडेल तिच्यावर ‘ओके’ दाबून मोकळा होतो. दोन्ही करू नका. या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

मी ठाण्यात नौपाड्याला फोटो-व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. लग्नसराईत स्टुडिओवाल्यांच्या हार्ड डिस्क रोज येत-जात असतात आणि त्यातली एखादी तरी हटून बसते. त्यातून शिकलेला क्रम इथे देते. क्रम महत्त्वाचा, कारण अडचण चारांपैकी एका ठिकाणी असते: डिस्कला वीज पोचत नाही, वीज पोचते पण कॉम्प्युटर तिला ओळखत नाही, ओळखतो पण ड्राइव्हचं अक्षर देत नाही, किंवा अक्षर देतो पण आतलं वाचता येत नाही. पहिल्या ठिकाणची अडचण असताना चौथ्याचं औषध दिलं की चांगला डेटा हकनाक जातो.

हाताशी काय ठेवायचं

- त्याच पिनची दुसरी केबल, शक्यतो डिस्कसोबत आलेली मूळ
- दुसरा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, कुणा शेजाऱ्याचा चालेल
- बिघडलेल्या डिस्कपेक्षा मोठी, रिकामी डिस्क (डेटा उतरवायला)
- खरेदीचं बिल
- डिस्कच्या मागच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो, मॉडेल आणि सिरियल नंबर दिसेल असा
- डिस्कला पासवर्ड असेल तर तो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की

१. आधी कान लावा

पंखा बंद करा, डिस्क टेबलावर सपाट ठेवा, जोडा आणि ऐका. आत फिरती तबकडी असलेली साधी हार्ड डिस्क असेल तर हलकी घरघर सुरू होऊन ती एकसारखी चालत राहते. बोट ठेवलं तर बारीक थरथरही जाणवते. एसएसडी (आत फिरता भाग नसलेली डिस्क) असेल तर आवाज नसतोच, तिथे ही परीक्षा लागू नाही.

काहीच आवाज नाही, थरथर नाही: बहुधा वीज पोचत नाहीये. पायरी २ वर जा.

बारीक ‘पीं-पीं’ येतंय: मोटर फिरायचा प्रयत्न करतेय पण फिरत नाहीये. कारण कमी वीज असू शकतं किंवा आत काही अडकलेलं असू शकतं. केबल आणि पोर्ट बदलून एकदा बघा. तरी तेच, तर थांबा आणि पायरी ९ वाचा.

‘टक्... टक्... टक्’ असा ठरावीक अंतराने आवाज: इथे घरचे प्रयोग संपले. केबल काढा आणि थेट पायरी ९ वाचा. आतलं वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ते बिघडलेलं असताना डिस्क चालू ठेवली तर ज्या पृष्ठभागावर तुमचे फोटो आहेत तोच खरवडला जाऊ शकतो. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवा, तांदळात पुरा असले सल्ले कुणी दिले तर हसून सोडून द्या. फ्रीझरमधून बाहेर काढलेल्या डिस्कवर, आपल्याकडच्या दमट हवेत, आतबाहेर पाणी जमतं.

पावसाळ्यात हेच थोड्या प्रमाणात आपोआप घडतं. थंडगार एसी ऑफिसातून डिस्क आणली आणि आल्या आल्या लावली, असं नको. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग जोडा.

२. केबल बदला, आणि ‘ही कालपर्यंत चालत होती’ यावर जाऊ नका

माझ्याकडे येणाऱ्या न दिसणाऱ्या डिस्कमध्ये केबलचा दोष सगळ्यात जास्त वेळा निघतो. वरून केबल धडधाकट दिसते, पण सॅकमध्ये दुमडून दुमडून पिनच्या मुळाशी तार तुटलेली असते. दिवा लागतो, कारण विजेच्या तारा शाबूत असतात. डेटाच्या तारा गेलेल्या असतात.

जोडाशी केबल धरून किंचित हलवली आणि ‘टुंग’ करून डिस्क दिसली-गेली, दिसली-गेली असं झालं, तर दोष केबलमध्ये किंवा सॉकेटमध्ये आहे. अशा अवस्थेत कॉपी सुरू करू नका. मध्येच जोड सुटला तर फाइल अर्धवट राहतातच, शिवाय फाइल सिस्टिमही (कुठली फाइल कुठे आहे याची डिस्कवरची मांडणी) बिघडू शकते.

बऱ्याच पोर्टेबल डिस्कना ती रुंद, दोन भागांची चपटी पिन असते. अशी केबल घरात दुसरी नसते आणि कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातही चटकन मिळत नाही. पण त्या सॉकेटचा मोठा भाग नीट बघा. जुन्या अँड्रॉइड फोनची साधी मायक्रो यूएसबी पिन त्यात बसते. डिस्क तशी चालते, फक्त वेग यूएसबी २ चा मिळतो. कळव्याचे एक काका सोसायटीच्या हिशेबाची डिस्क ‘गेली हो ही’ म्हणत घेऊन आले होते. ड्रॉवरमधली जुन्या फोनची केबल लावली आणि दहा वर्षांच्या मेंटेनन्सच्या पावत्या समोर उभ्या राहिल्या. काकांचा पहिला प्रश्न, “मग नवी डिस्क घ्यायची गरज नाही ना?” केबल घ्या काका, आणि जमलं तर दुसरी डिस्कही घ्या.

टाइप-सी असेल तर एक सापळा लक्षात ठेवा: काही स्वस्त टाइप-सी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. त्या केबलने फोन कॉम्प्युटरला जोडून फोनमधले फोटो दिसतात का बघा. दिसले तर केबल डेटाची आहे.

३. पोर्ट: मागचं वापरा, हब काढा

डेस्कटॉपच्या पुढचं पोर्ट आतून एका वेगळ्या वायरने मदरबोर्डला जोडलेलं असतं आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती वायर हमखास सैल असते. डिस्क थेट मागच्या पोर्टमध्ये लावा. कीबोर्ड, माउस, प्रिंटर असं सगळं एकाच हबवर (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) लटकवलं असेल तर डिस्क त्यातून बाहेर काढा. यूएसबी २ च्या पोर्टवर ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ वर ९०० मिलिअँपिअर एवढीच वीज नियमाप्रमाणे मिळते. हब ती सगळ्यांत वाटतो. फिरत्या डिस्कला सुरुवातीला जोर लागतो, तेव्हाच ती कमी पडते.

मोठी, टेबलावर ठेवायची ३.५ इंची डिस्क असेल तर तिला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. दिसायला तसाच दुसरा अडॅप्टर वायफाय राउटरचा असतो आणि घराघरांत या दोघांची अदलाबदल होते. त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचल्याशिवाय लावू नका.

४. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा, पण ऑफिसचा लॅपटॉप सोडून

ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात काम करणाऱ्यांसाठी हे खास. कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरच्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह बहुतेकदा आयटी विभागाने बंद केलेले असतात. माउस चालतो, फोन चार्ज होतो, डिस्कचा दिवाही लागतो, पण ड्राइव्ह दिसत नाही. त्यात डिस्कचा काही दोष नसतो आणि तुमच्या हातात उपायही नसतो. ते बंधन चुकवायच्या युक्त्या शोधू नका, नोकरीचा प्रश्न असतो. घरच्या कॉम्प्युटरवर तपासा.

दुसऱ्या मशीनवर डिस्क व्यवस्थित उघडली तर तुमच्या विंडोजची गडबड आहे: पायरी ५ मधलं अक्षर आणि पायरी ६ बघा. पण त्याआधी, डिस्क उघडलीच आहे तर महत्त्वाचं तिथेच कॉपी करून घ्या.

५. डिस्क मॅनेजमेंट: खरी तपासणी इथे

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा. येणाऱ्या यादीत ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडा. खालच्या अर्ध्या भागात ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा ओळी दिसतील. डिस्क ० सहसा कॉम्प्युटरची स्वतःची असते, पण दर वेळी नाही. म्हणून आकारावरून ओळखा. १ टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी आणि २ टीबीची १८६३ जीबी दिसते. यात जागा चोरीला गेलेली नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

उघडताच ‘डिस्क इनिशियलाइझ करा’ अशी खिडकी स्वतःहून आली तर कॅन्सल. ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल’ अशी आली तरी कॅन्सल. विंडोजला आतलं वाचता येत नाहीये, एवढंच ती सांगतेय. डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. सोसायटीच्या लॉबीतला नावांचा फलक गळून पडला म्हणून घरातली माणसं कुठे जात नाहीत, तसंच. फॉरमॅट म्हणजे कोरा फलक लावून सगळे फ्लॅट रिकामे समजून नवे भाडेकरू घेणं.

आता तुमच्या डिस्कच्या ओळीत काय दिसतंय ते बघा.

*निळी पट्टी आहे, ‘हेल्दी’ लिहिलंय, पण अक्षर नाही.* सगळ्यात सोपी केस. पट्टीवर उजवं क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘अ‍ॅड’, आणि एखादं मागचं अक्षर द्या, एम किंवा पी वगैरे. सुरुवातीची अक्षरं कार्ड रीडर किंवा नेटवर्क ड्राइव्ह अडवून बसतात.

*डावीकडे ‘ऑफलाइन’.* त्या डाव्या चौकोनावर उजवं क्लिक, ‘ऑनलाइन’.

*सुरुवातीला २०० एमबीचा ‘ईएफआय’ तुकडा (पार्टिशन) आणि शेजारी मोठा, नाव नसलेला तुकडा.* ही डिस्क बहुधा मॅकवर फॉरमॅट केलेली आहे. लग्नाचा व्हिडिओ स्टुडिओने डिस्कवर भरून दिला आणि घरी उघडत नाही, यामागे अनेकदा हेच असतं. डिस्क उत्तम आहे. स्टुडिओला फोन करून ‘एक्सफॅटमध्ये द्या’ म्हणा, ते विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. असाच प्रकार स्मार्ट टीव्हीवर रेकॉर्डिंगसाठी जोडलेल्या डिस्कचा होतो. टीव्ही तिला स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतो आणि तसं करताना आधीचा डेटा पुसतो. टीव्हीने ‘डिस्क तयार करू का’ विचारलं की घरातलं कुणीतरी रिमोटवरून ‘हो’ म्हणतंच. टीव्हीसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा.

*कुलपाचं चित्र किंवा ‘बिटलॉकर’.* पासवर्ड हवा. तो आठवत नसेल तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करत होतात त्यात रिकव्हरी की साठवलेली आहे का बघा. दोन्ही नसतील तर ‘आम्ही उघडून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

*‘रॉ’ लिहिलंय.* तुकडा आहे, फाइल सिस्टिम बिघडली आहे. फॉरमॅट नको. पायरी ८.

*काळी पट्टी, ‘अनअलोकेटेड’; किंवा ‘नॉट इनिशियलाइज्ड’.* तुकड्यांची नोंदच सापडत नाहीये. आकार बरोबर दिसत असेल तर आशा चांगली आहे. पायरी ८.

*‘नो मीडिया’, किंवा आकार शून्य.* बाहेरच्या डबीतलं (केसमधलं) कनेक्शनचं सर्किट उत्तर देतंय, मागची डिस्क देत नाहीये. घरच्या सॉफ्टवेअरने यात काही होत नाही. पायरी ९.

६. डिव्हाइस मॅनेजर, थोडक्यात

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ओळच नसेल तर त्याच विंडोज-एक्सच्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. यूएसबीच्या गटात पिवळा त्रिकोण किंवा ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ दिसलं तर त्यावर उजवं क्लिक, ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’, डिस्क काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, पुन्हा जोडा. शटडाउन करून चालू करणं पुरत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज शटडाउनमध्ये पूर्ण बंद होतच नाही.

डिस्क थोडा वेळ चालून गायब होत असेल तर ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटखाली वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची खूण काढून टाका.

७. मॅकवाल्यांसाठी

फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्स्टर्नल डिस्क्स’ची खूण आहे का, एवढं आधी बघा. मग डिस्क युटिलिटीत ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हाइसेस’. डिस्क दिसते पण फाइल टाकता येत नाहीत, तर ती बहुधा एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. मॅक ती वाचतो, लिहीत नाही.

८. डिस्क दिसली किंवा ‘रॉ’ आहे: आता घाई करायची नाही

डिस्क उघडली असेल तर आधी जे पुन्हा मिळणार नाही ते कॉपी करा. घरातले फोटो, हिशेब, चालू काम. सिनेमे शेवटी.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद दाखवतं. वर ‘कॉशन’ आलं तर ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी बघा. त्यांचे आकडे शून्य नसतील आणि वाढत असतील तर डिस्क निवृत्तीला आली आहे.

इथे सगळ्यात मोठा सापळा. व्हिडिओ बघून लोक लगेच चेकडिस्क (विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन) चालवतात. चेकडिस्कचा रोख फाइल सिस्टिम सुसंगत करण्यावर असतो, तुमच्या फाइल वाचवण्यावर नसतो. धडपडणाऱ्या डिस्कवर ते तासन् तास चालतं आणि ज्या नोंदी जुळत नाहीत त्या कापून टाकतं. आधी डेटा बाहेर, मग चेकडिस्क.

‘रॉ’ किंवा ‘अनअलोकेटेड’ असेल आणि डिस्कचा आवाज नेहमीसारखा असेल, तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन मोफत साधनं आहेत. टेस्टडिस्क हरवलेल्या तुकड्याची नोंद शोधतं. त्यातल्या फाइल त्याच्यातच बघता येतात आणि दुसरीकडे कॉपी करता येतात. ‘राइट’ मात्र समजल्याशिवाय दाबू नका. फोटोरेक फाइल थेट उपसून काढतं, पण नावं आणि फोल्डर जातात. हजारो फोटो आकड्यांच्या नावाने मिळतात आणि मग बसा लावत. जे निघेल ते दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कवर कधीच नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फोचे आकडे वाईट असतील आणि लिनक्सची सवय असेल तर आधी डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रत काढून त्या प्रतीवर प्रयोग करा. सवय नसेल तर इथे शिकायला बसू नका.

९. दुकानात न्यायची वेळ आली तर

डिस्क वॉरंटीत असेल तर कंपनीकडे जायचा मोह होतो. वॉरंटीत साधारणपणे डिस्क बदलून मिळते, डेटा नाही. जुनी डिस्क त्यांच्याकडे जमा होते. डेटा हवा असेल तर आधी डेटा, आणि डिस्क उघडावी लागली तर वॉरंटी जाते हे धरून चला.

ठाण्यात स्टेशनजवळ गोखले रोडच्या आसपास, नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर १७ मध्ये दुरुस्तीची दुकानं सापडतात. केबल, केस, सुटे भाग हवेत तर लॅमिंग्टन रोड: ठाण्याहून दादर, तिथे पश्चिम रेल्वेची स्लो लोकल, ग्रँट रोडला उतरा. रविवारी जाऊ नका. डिस्क मऊ कापडात गुंडाळून झिपच्या पिशवीत, सॅकच्या मधल्या कप्प्यात. सकाळच्या गर्दीत पुढच्या कप्प्यातली डिस्क कुणाच्या कोपराखाली येईल सांगता येत नाही.

काउंटरवर हे विचारा, आणि उत्तरं पावतीवर लिहून घ्या:

- तपासणीचे पैसे वेगळे का? डेटा निघाला नाही तर किती?
- डिस्क उघडणार असाल तर कुठे? धूळमुक्त क्लीन रूम आहे, की बाहेर पाठवणार?
- पैसे देण्याआधी निघालेल्या फाइलची यादी दाखवणार का?
- काम झाल्यावर तुमच्याकडच्या प्रती कधी पुसणार?

सिरियल नंबर पावतीवर आलाच पाहिजे. आणि आधी केलेले प्रयोग लपवू नका. डिस्क पडली होती का, फॉरमॅट दाबलं होतं का, यावर पुढचं सगळं ठरतं.

‘केस बदलली की झालं’ असं कुणी सांगितलं तर मॉडेल विचारा. काही पोर्टेबल डिस्कमध्ये आत साधी, सुटी काढता येणारी साटा डिस्क असते, तिथे हा उपाय चालतो. पण बऱ्याच मॉडेलमध्ये यूएसबी सॉकेट डिस्कच्या सर्किटवरच झाळलेलं असतं, वेगळी केस असा प्रकारच नसतो. काहींमध्ये तर पासवर्ड न ठेवताही डेटा त्या सर्किटमधूनच एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊन लिहिला जातो. अशा डिस्कचं सर्किट हरवलं की चांगली तबकडीही निरुपयोगी. काढलेला प्रत्येक भाग परत मागा.

काउंटरवरच्या माणसाने तुमच्यासमोर स्क्रू काढून झाकण उघडायला घेतलं, वर पंखा फिरतोय आणि बाहेर रिक्षांची रांग आहे, तर त्याचा हात धरा आणि डिस्क परत घ्या.

१०. मेलेल्या डिस्कचं काय करायचं

भंगारवाल्याला देऊ नका. डिस्क तुम्हाला दिसत नाही म्हणून कुणालाच वाचता येणार नाही असं नसतं, आणि त्यात आधार-पॅनच्या प्रती असतातच. डिस्क चालत असेल तर पूर्ण फॉरमॅट करा, ‘क्विक’ची खूण काढून, मग विंडोज सगळीकडे शून्य लिहितं. अजिबात चालत नसेल तर तबकडीला भोक पाडायचं, पण डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून. लहान २.५ इंची डिस्कमधली तबकडी अनेकदा काचेची असते, ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. हातोडा मारायचा तर आधी डिस्क जाड कापडात गुंडाळा. नंतर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या आणि पोचपावती घ्या, विशेषतः डिस्क सोसायटीची किंवा ऑफिसची असेल तर.